उजवीकडचा दरवाजा

शुक्रवार, १३ जून १९९७. दक्षिण दिल्लीतल्या ग्रीन पार्क भागात उपहार नावाचे चित्रपटगृह होते. त्या दिवशी तिथे ५९ माणसे मेली आणि १०३ जखमी झाली. मेलेली माणसे बाल्कनीत बसली होती आणि ती धुराने गुदमरून मेली. आग लागली होती ती तळमजल्यावर, वाहनतळात. आग आणि मृत्यू यांच्यात हे एवढे अंतर होते, ही गोष्ट आधी लक्षात घेतली पाहिजे. भरपाईच्या दाव्यात पुढची चौदा वर्षे जो वाद चालला तो या अंतराबद्दलच होता: धूर बाल्कनीपर्यंत कुणी पोहोचू दिला आणि माणसे बाल्कनीतून बाहेर का पडू शकली नाहीत?

त्या दिवसाच्या वेळा निकालपत्रांत नोंदल्या आहेत. त्या एकापुढे एक ठेवल्या की अपकृत्यांचा कायदा, ज्याला वकील मंडळी टॉर्ट म्हणतात, कसा विचार करतो ते स्वच्छ दिसते. हा कायदा भारतात कलमे घालून एका ठिकाणी लिहिलेला नाही. तो निकालांतून साचत गेला आहे. करार मोडला तर कराराचा कायदा आहे, गुन्हा केला तर फौजदारी आहे. पण दुकानातल्या ओल्या फरशीवरून गिऱ्हाईक घसरले, कारखान्याचे सांडपाणी शेजाऱ्याच्या विहिरीत उतरले, हॉटेलचा फलक वाटसरूच्या डोक्यात पडला, तर नुकसान झालेल्याने कुणाकडे आणि कशाच्या जोरावर भरपाई मागायची, ते हा कायदा सांगतो. धंदा करणाऱ्याचा त्याच्याशी रोज संबंध असतो. बहुतेकांना तो नोटीस हातात पडल्यावर कळतो.

सकाळी ६.५५

उपहारच्या तळमजल्यावर, गाड्या लावायच्या जागेला लागून, दोन ट्रान्सफॉर्मर होते. त्यांतल्या मोठ्या, दिल्ली विद्युत बोर्डाच्या १००० केव्हीएच्या ट्रान्सफॉर्मरला सकाळी आग लागली. ती विझली. चित्रपटगृहात प्रेक्षक नव्हते, कुणाला इजा झाली नाही.

इथे पहिला प्रश्न पडतो: काळजी घ्यायची कुणी? ट्रान्सफॉर्मर बोर्डाचा, इमारत मालकाची. पुढे न्यायालयात दोघांनीही एकमेकांकडे बोट दाखवले. अपकृत्यांचा कायदा मालकी हक्काचा कागद आधी पाहत नाही. तो विचारतो, तुमच्या कृतीमुळे किंवा कृती न केल्यामुळे कुणाला इजा होऊ शकते हे तुम्हाला दिसायला हवे होते का? ज्याला होऊ शकते, त्याच्याबाबतीत तुमच्यावर काळजीचे कर्तव्य आहे. या विचाराला आजचे रूप मिळाले ते एका बाटलीमुळे. १९२८ साली स्कॉटलंडमधल्या पेझली गावात एका बाईने मैत्रिणीने विकत घेऊन दिलेली जिंजर बिअर प्यायली; बाटलीत कुजलेली गोगलगाय होती, असे तिचे म्हणणे. पैसे मैत्रिणीने दिलेले, त्यामुळे बाईचा कुणाशीच करार नव्हता. तरीही १९३२ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने बाटली भरणारा उत्पादक तिला जबाबदार असू शकतो असे ठरवले आणि लॉर्ड ॲटकिन यांनी ‘शेजारी’ कोण याची कसोटी घालून दिली: तुमच्या वागण्याची झळ ज्याला थेट लागेल, तो तुमचा शेजारी. तिकीट काढून बाल्कनीत बसलेला माणूस चित्रपटगृहाच्या मालकाचा शेजारी तर आहेच, पण ज्याच्याशी त्याचा काहीही व्यवहार झालेला नाही त्या विद्युत बोर्डाचाही तो शेजारी ठरतो.

धोका दिसायला हवा होता का, या प्रश्नाला मात्र फार विचार करावा लागत नाही. याच जागेत जुलै १९८९ मध्येही ट्रान्सफॉर्मरला आग लागली होती. एकदा घडलेली गोष्ट पुन्हा घडेल अशी कल्पना नव्हती, हे म्हणणे न्यायालयात टिकत नाही. आणि १३ जूनच्या सकाळी तर दुसरा इशारा मिळाला होता. त्या क्षणापासून पुढचे दहा तास सगळ्यांच्या हातात होते.

सकाळी १०.३० ते ११.३०

बोर्डाची माणसे आली. बी फेजच्या लो टेन्शन केबलच्या टोकांची दोन ॲल्युमिनियम सॉकेटे त्यांनी बदलली. केबलच्या टोकावर सॉकेट बसवायचे तर ते क्रिम्पिंग मशीनने चहूबाजूंनी सारख्या दाबाने आवळावे लागते. तसे केले नाही तर तारेच्या आणि सॉकेटच्या मध्ये पोकळी राहते, तिथून मोठा प्रवाह गेला की सांधा तापतो, ठिणग्या पडतात, तापल्याने सांधा आणखी सैल होतो आणि सैल झाल्याने आणखी तापतो. हे कुठल्याही वायरमनला माहीत असते. उपहारमध्ये क्रिम्पिंग मशीन वापरले गेले नाही. डाय आणि हातोडा घेऊन सॉकेटे ठोकून बसवली गेली.

माझ्या मते त्या दिवसातला सगळ्यांत महत्त्वाचा तास हा आहे. आग नाही, धूर नाही, धावपळ नाही, आणि तरीही पुढचे बरेचसे इथे ठरले. कर्तव्याचा भंग म्हणजे काय ते शिकायचे तर याच तासात. कायदा सर्वज्ञ माणसाची अपेक्षा करत नाही. तो विचारतो, त्या कामातला सामान्य जाणकार माणूस अशा वेळी कसा वागला असता? डॉक्टरची तुलना डॉक्टरशी, वायरमनची वायरमनशी. ‘घाई होती’, ‘मशीन जवळ नव्हते’ ही उत्तरे या कसोटीला पुरत नाहीत. मशीन नसेल तर जाणकार माणूस वीज सुरू न करता थांबतो. काळजी किती घ्यायची हेही धोक्याच्या आकारावर ठरते: नुकसान होण्याची शक्यता किती, झाले तर ते केवढे असेल, आणि ते टाळायला खर्च किती आला असता. इथे खर्च होता एक यंत्र आणायचा किंवा आणखी काही तास वीज बंद ठेवायचा. दुसऱ्या बाजूला शेकडो माणसे मावतील अशी बंदिस्त इमारत होती.

हातोडा ज्यांच्या हातात होता ती नोकर माणसे होती. मग बोर्ड कसे काय जबाबदार? नोकराने नोकरीच्या कामात केलेल्या हयगयीचे दायित्व मालकावर येते. यात मालकाची स्वतःची चूक असावी लागत नाही. कामाचा फायदा जो घेतो, माणसे जो निवडतो, त्यांना साधने देणे-न देणे ज्याच्या हातात असते, त्याने कामातून झालेले नुकसानही सोसावे. रुग्णालय, बँक, बसगाडीची कंपनी, सगळ्यांना हे लागू आहे. ‘तो माणूस आता आमच्याकडे नाही’ असे सांगून कुणी सुटत नाही.

विजेच्या बाबतीत तर भारतातले न्यायालय याहून पुढे गेले आहे. २००२ मध्ये मध्य प्रदेश विद्युत मंडळाच्या एका खटल्यात, रस्त्यावर पडलेल्या जिवंत तारेने माणूस गेला तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की इतकी धोकादायक गोष्ट जो खेळवतो त्याची हयगय सिद्ध झाली नाही तरी तो जबाबदार आहे. याचे मूळ १८६८ च्या रायलंड्‌स विरुद्ध फ्लेचर या इंग्रजी खटल्यात आहे. आपल्याकडे दिल्लीतल्याच श्रीराम कारखान्यातून डिसेंबर १९८५ मध्ये ओलियम वायू गळल्यावर न्यायमूर्ती भगवती यांच्या खंडपीठाने ते तत्त्व आणखी कडक केले: घातक उद्योग चालवणाऱ्याला कुठलाही अपवाद मिळणार नाही. उपहारच्या खटल्यात मात्र एवढ्या दूर जायची गरजच पडली नाही. साधी, जुनी हयगय पुरेशी होती.

साडेअकराला ट्रान्सफॉर्मर पुन्हा सुरू झाला.

दुपारी ३.००

‘बॉर्डर’ त्याच दिवशी देशभर लागला होता. १९७१ च्या युद्धातल्या लोंगेवालाच्या लढाईवरचा चित्रपट, शाळेच्या सुट्ट्या, पहिला शुक्रवार. लोक मुलाबाळांना घेऊन आले. तीनचा खेळ सुरू झाला.

प्रेक्षक खुर्चीत बसला आहे, तेवढ्यात ती खुर्ची तिथे कशी आली ते पाहू. उपहारला परवाना मिळाला १९७३ मध्ये: मुख्य प्रेक्षागृहात ७५० आणि बाल्कनीत २५० खुर्च्या. १९७६ मध्ये दिल्ली प्रशासनाने शहरातल्या चित्रपटगृहांना खुर्च्या वाढवायची सवलत दिली. उपहारच्या बाल्कनीतही खुर्च्या वाढल्या. १९७८ मध्ये बाल्कनीच्या उजव्या अंगाला एक खासगी बॉक्स झाला, आठ खुर्च्यांचा. तो ज्या ठिकाणी बसवला त्याने बाल्कनीतून उजवीकडे बाहेर पडायचा दरवाजा बुजला. १९७९ मध्ये प्रशासनाने सवलत मागे घेतली, प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि कोणत्या खुर्च्या ठेवायच्या, कोणत्या काढायच्या याची फेरतपासणी झाली. शेवटी बाल्कनीत वर्षानुवर्षे ५२ वाढीव खुर्च्या राहिल्या. त्यांनी उजवीकडची येण्याजाण्याची वाट पूर्ण बंद केली. मधल्या दरवाजाच्या उजवीकडची वाट, जी नियमाप्रमाणे ४४ इंच हवी, ती जवळपास निम्म्यावर आली.

जून १९८३ मध्ये परवाना देणाऱ्या पोलीस अधिकाऱ्याने तपासणीनंतर उपहारसह दिल्लीतल्या बारा चित्रपटगृहांचे परवाने काही दिवसांसाठी निलंबित केले. मालकांनी उच्च न्यायालयातून स्थगिती आणली. तेव्हापासून १९९७ पर्यंत उपहार तात्पुरत्या परवान्यांवर चालले, दर वेळी दोन महिन्यांची मुदत. चौदा वर्षे.

मालकांचा बचाव याच कागदांवर उभा होता: खुर्च्यांना परवानगी होती, बॉक्सला परवानगी होती, तपासणी करणारे अधिकारी येत होते, त्यांनी ‘ठीक आहे’ म्हणून लिहून दिले होते. हा बचाव खोटा नव्हता. परवानग्या खरोखर होत्या. म्हणूनच न्यायालयाने तो का नाकारला ते नीट समजून घ्यायला हवे, कारण आजही मंगल कार्यालयापासून कोचिंग क्लासपर्यंत प्रत्येक जण हाच बचाव करतो. सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की जो माणूस पैसे घेऊन लोकांना आपल्या जागेत बोलावतो, त्याच्यावर त्यांच्या सुरक्षिततेचे कर्तव्य कायद्याच्या नियमांआधीपासून आहे. नियम किमान अट सांगतात. अधिकाऱ्याने ती अट सैल केली तर त्याच्याविरुद्ध वेगळी कारवाई होईल, पण त्याच्या सहीने प्रेक्षकाचा हक्क संपत नाही. अधिकारी वर्षातून एकदा येतो. दरवाजा बंद आहे हे मालकाला रोज दिसते.

या वादात एक गोष्ट माझ्या मनात घर करून राहिली. त्या ५२ खुर्च्या कुणाचे वाईट चिंतून बसवल्या नव्हत्या. तिकिटे जास्त विकली जावीत, एवढाच हेतू होता. अपकृत्याला दुष्ट हेतू लागत नाही. उत्पन्न वाढवण्याचा एक साधा निर्णय आणि त्या निर्णयाने कुणाची वाट बंद होते आहे याचा विचार न करणे, एवढ्यावर हयगय पूर्ण होते. धंद्यातली बहुतेक मोठी नुकसाने अशीच झालेली आहेत.

दुपारी ४.५५

सकाळी ठोकून बसवलेला सांधा सैल झाला. केबल सुटली, लोंबकळत ट्रान्सफॉर्मरच्या रेडिएटरला टेकली आणि तिच्या ठिणग्यांनी रेडिएटरच्या पात्याला भोक पडले. केबलला आधार देणारे क्लॅम्प असते तर सुटलेली तारही जागेवर राहिली असती, ते नव्हते. भोकातून तेल गळू लागले आणि पेटले. तेल शोषून घेणारा खड्डा नियमाप्रमाणे हवा होता, तोही नव्हता. त्यामुळे पेटते तेल खोलीच्या बाहेर वाहात गेले. दारापासून जेमतेम मीटरभर अंतरावर गाड्या उभ्या होत्या. त्या एकामागून एक पेटल्या.

ट्रान्सफॉर्मरच्या मागची भिंत मंजूर नकाशात बुटकी होती, वरून हवा खेळावी म्हणून. ती छतापर्यंत चढवलेली होती. धुराला बाहेर जायला वाट राहिली नाही, तेव्हा त्याने आतली वाट धरली: जिन्यांतून वर, वातानुकूलनाच्या नळ्यांतून प्रेक्षागृहात आणि डावीकडून बाल्कनीत.

या काही मिनिटांत दोषी किती झाले ते मोजा. केबल आणि क्लॅम्प बोर्डाचे. गाड्या आणि भिंत मालकाची. कोणा एकाची चूक दुसऱ्याच्या चुकीशिवाय एवढी घातक ठरली नसती. अशा वेळी कायदा त्यांना संयुक्त अपकृत्यकर्ते मानतो आणि दोघांवरही संपूर्ण भरपाईचे दायित्व ठेवतो. नुकसान झालेल्याने कुणाही एकाकडून पूर्ण रक्कम घ्यावी. कुणाचा वाटा किती ते त्यांनी आपसात ठरवावे. हा नियम फार विचाराने केलेला आहे. नाहीतर मुलगा गमावलेल्या बापाला बोर्डाचा दोष किती टक्के आणि मालकाचा किती, हे सिद्ध करत बसावे लागले असते.

पडद्यावर चित्रपट चालू होता.

संध्याकाळी ५.०५

एम्स वीज केंद्राकडून येणारी वीज बंद झाली आणि सगळीकडे अंधार झाला. आणीबाणीचे दिवे लागले नाहीत. ध्वनिक्षेपकावरून एक शब्द सांगितला गेला नाही. आग लागली आहे हे कर्मचाऱ्यांना कळले होते, पण प्रोजेक्टर चालवणाऱ्याला चित्रपट थांबवायचा निरोप गेला नव्हता. बाल्कनीचा राखणदार पुढच्या पाळीच्या माणसाला कामाची सूत्रे न देता निघून गेला होता आणि काही दारांना कड्या होत्या.

मुख्य प्रेक्षागृहातले लोक बाहेर पडू लागले. बाल्कनीतल्यांनी अंधारात वाट शोधायला सुरुवात केली. उजवीकडे वाट नव्हती. मधली अरुंद. डावीकडून धूर येत होता. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा कितीतरी जास्त घट्ट धरतो, माणसाला आधी गुंगी येते, मग पायातले बळ जाते. दहा-पंधरा मिनिटे लोक तिथे अडकून राहिले. कुटुंबेच्या कुटुंबे.

कायद्याला इथे एक कठीण प्रश्न सोडवायचा असतो आणि तो या प्रसंगात विचारणे निर्दय वाटले तरी विचारावाच लागतो: हा भंग झाला नसता तर हे मृत्यू टळले असते का? चूक आणि नुकसान दोन्ही असून चालत नाही, एकामुळे दुसरे झाले हे दिसावे लागते. लंडनमधला एक खटला कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवला जातो. रात्रपाळीचा पहारेकरी चहा प्यायल्यावर उलट्या होऊ लागल्या म्हणून रुग्णालयात गेला, डॉक्टरने न तपासता घरी पाठवले आणि तो मेला. चहात आर्सेनिक होते. डॉक्टरची चूक झाली हे न्यायालयाने मान्य केले, पण तपासले असते तरी तो वाचला नसता, म्हणून भरपाई नाकारली.

उपहारच्या मालकांचा युक्तिवाद याच दिशेने जात होता: ट्रान्सफॉर्मर पेटला नसता तर काहीच झाले नसते, तेव्हा खरे कारण बोर्ड आहे, खुर्च्या आणि दारे नव्हेत. न्यायालयाने तो फेटाळला. उजवीकडचा दरवाजा आणि वाट मोकळी असती, दिवे लागले असते, दोन वाक्यांची सूचना दिली गेली असती, तर बाल्कनीतले लोक कार्बन मोनॉक्साइड घातक पातळीला जाण्याआधी बाहेर पडले असते. चित्रपटगृहात आग लागू शकते हे गृहीत धरूनच तर दरवाजे, वाटा आणि दिवे यांचे नियम केलेले असतात. ज्या संकटासाठी दरवाजा ठेवायचा, ते संकट दुसऱ्याने आणले या सबबीवर दरवाजा बंद करणारा सुटू शकत नाही.

अग्निशमन दलाचे बंब संध्याकाळच्या गर्दीतून वाट काढत आले. रात्रीपर्यंत सफदरजंग आणि एम्स या रुग्णालयांत नातेवाईक आपली माणसे ओळखत फिरत होते.

२४ एप्रिल २००३

मृतांच्या आप्तांनी संघटना उभारली. नीलम आणि शेखर कृष्णमूर्ती हे दांपत्य तिच्या अग्रभागी होते. त्यांची सतरा वर्षांची मुलगी आणि तेरा वर्षांचा मुलगा उपहारमध्ये गेले. संघटनेने एकेकट्याने दिवाणी दावे लावण्याचा मार्ग घेतला नाही. तिने राज्यघटनेच्या कलम २२६ खाली थेट उच्च न्यायालयात याचिका केली, कारण प्रतिवादींत सरकारी यंत्रणा होत्या आणि प्रश्न जगण्याच्या हक्काचा होता. भरपाईचा हा वेगळा रस्ता भारतीय न्यायालयांनी गेल्या काही दशकांत बांधला आहे.

दिल्ली उच्च न्यायालयाने वीस वर्षांवरील प्रत्येक मृतामागे १८ लाख, त्याहून लहानांमागे १५ लाख, प्रत्येक जखमीला १ लाख आणि वर ९ टक्के व्याज मंजूर केले. दायित्वाची वाटणी अशी: परवानाधारक ५५ टक्के, विद्युत बोर्ड, महापालिका आणि परवाना देणारे पोलीस प्रत्येकी १५. शिवाय वाढीव खुर्च्यांपासून झालेल्या कमाईच्या अंदाजाने अडीच कोटी रुपये दंडात्मक भरपाई.

१३ ऑक्टोबर २०११

सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती रवींद्रन आणि राधाकृष्णन यांनी निकाल दिला. महापालिका आणि परवाना अधिकारी यांना भरपाईतून वगळले. त्यांनी कर्तव्यात कसूर केली असेल, पण त्या कसुरीचा मृत्यूंशी थेट आणि निकटचा संबंध नाही, असे कारण दिले. परवानाधारक ८५ टक्के, बोर्ड १५. बाल्कनीचे महाग तिकीट काढले म्हणजे प्रत्येकाचे उत्पन्न मोठे होते असे गृहीत धरता येणार नाही, म्हणून रक्कम वीस वर्षांवरील मृतांसाठी १० लाख आणि बाकीच्यांसाठी साडेसात लाख झाली. जखमींचे १ लाख कायम राहिले.

उत्पन्नावर आधारलेली ही मोजणी कायद्यात पक्की बसलेली आहे: माणूस किती कमावत होता, आणखी किती वर्षे कमावता, घरच्यांना त्यातून काय मिळाले असते. शाळकरी मुलाच्या बाबतीत ती लंगडी पडते. त्याने काहीच कमावलेले नसते, म्हणून त्याचा मृत्यू स्वस्त ठरतो. मला हे कधीच पटलेले नाही, आणि न्यायाधीशांनाही ते अवघड वाटते हे त्यांच्या निकालांतून दिसते.

दंडात्मक भरपाई अडीच कोटींवरून २५ लाखांवर आली. खुर्च्यांची कमाई उच्च न्यायालयाने फुगवून धरली होती, असे कारण देण्यात आले. हिशेब म्हणून ते बरोबर असेल. पण दंडात्मक भरपाईचा हेतू पुढच्या मालकाला रोखण्याचा असतो. वाढीव खुर्च्यांनी जेवढे मिळवले तेवढेच परत द्यायचे असेल, आणि तेही पकडले गेल्यावर, तर खुर्च्या ठेवण्यात धंद्याच्या हिशेबाने तोटा काहीच उरत नाही. भरपाई वेदनेची असते, दंड प्रलोभनाचा असतो. दंडाची रक्कम त्या मिळकतीपेक्षा ठळकपणे मोठी नसेल तर ती आपले काम करत नाही.

फौजदारी खटला या काळात वेगळ्या वाटेने चालला होता. हयगयीने मृत्यू घडवल्याबद्दल उपहारचे मालक सुशील आणि गोपाल अन्सल यांची दोषसिद्धी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात कायम झाली. २०१५ मध्ये उरलेल्या तुरुंगवासाऐवजी प्रत्येकी ३० कोटी रुपये भरायचा पर्याय मिळाला, २०१७ मध्ये गोपाल अन्सल यांना उरलेली शिक्षा भोगायला पाठवले गेले, आणि पुराव्यांत फेरफार केल्याबद्दल २०२१ मध्ये दोघांना आणखी एकदा दोषी ठरवण्यात आले. एकाच घटनेतून दोन खटले निघाले ते यामुळे, की एक राज्याच्या वतीने शिक्षा मागतो आणि त्याला संशयापलीकडचा पुरावा लागतो. दुसरा नुकसान झालेल्याच्या वतीने भरपाई मागतो आणि त्याला कुठली बाजू जास्त संभवनीय आहे एवढे पुरते.

२०११ च्या निकालाच्या शेवटी न्यायालयाने काही सूचना केल्या. प्रत्येक चित्रपटगृहाने आणीबाणीत माणसे बाहेर काढण्याचा आराखडा करून मंजूर करून घ्यावा. प्रत्येक खेळात बाहेर पडायचे रस्ते दाखवणारा छोटा माहितीपट दाखवावा. कर्मचाऱ्यांचा सराव घ्यावा. अग्निशमन दल, विद्युत निरीक्षक आणि परवाना अधिकारी यांनी दर सहा महिन्यांनी तपासणी करावी. आणि खेळ चालू असताना प्रवेशाचा दरवाजा कुठल्याही परिस्थितीत बाहेरून कडी घालून बंद करू नये. खेळ संपल्यावर गर्दी दुसऱ्या दाराने काढायची असेल तर समोर सहज हलवता येईल असा अडथळा ठेवावा.